मास्तरांचा आवाज ग्रुपवर गेला, तिथं चुकलं

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून):

"नमस्कार ताई. मी सोलापूरचा, वय ३१. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं काम आहे. पाच वर्षांपूर्वी मी आणि एका मित्रानं जुन्या हिंदी गाण्यांच्या रसिकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. आज १८० माणसं आहेत. दरवर्षी ३१ जुलैला, रफीसाहेबांच्या स्मृतिदिनी, आम्ही छोटा कार्यक्रम करतो. मे महिन्यात मी रफींचं एक द्वंद्वगीत टाकलं आणि खाली लिहिलं, 'लतादीदी आणि रफीसाहेब, असा योग पुन्हा नाही.' ग्रुपमधले एक निवृत्त मास्तर आहेत, वय ७४. त्यांनी सगळ्यांसमोर लिहिलं, 'कानात बोळे घातलेत काय? ही सुमन कल्याणपूर. ॲडमिन व्हायच्या आधी ऐकायला शिका.' मला लागलं. मी त्यांना पर्सनलवर लिहिलं, 'बोलायची पद्धत असते बे.' रात्री साडेअकराला त्यांचा पावणेतीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. मला वाट्टेल ते बोलले. 'तुझ्या बापाला कान होते, तुला नाहीत' इथपर्यंत गेले. शेवटी त्यांचा आवाज फुटला. मंडळी गेल्यापासून ही गाणी हीच माझ्या घरातली बोलणारी माणसं, असं काहीतरी म्हणाले. मी तो मेसेज ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, 'ऐका, आपले ज्येष्ठ सदस्य कसे बोलतात.' पुढचं मी काही केलं नाही. पोरांनी त्यांच्या डीपीचे स्टिकर केले. 'काय बे, मास्तर रडलालेत की' असले मेसेज आले. सकाळी मास्तर ग्रुप सोडून गेले. त्यांच्या मुलीनं पुण्याहून फोन करून मला झापलं, पोलिसांत जाईन म्हणाली. आता निम्मे म्हणतात मास्तरांना परत आणा, निम्मे म्हणतात ब्याद गेली. सुरुवात त्यांनी केली. मग मीच का वाकायचं? आणि ग्रुपला नियम काय लावू?"

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही काही लपवलेलं नाही. स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्टही तुम्ही लिहिलीत, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहिते.

आधी गाण्याचं. गाण्याचं नाव मी इथं मुद्दाम काढून टाकलं आहे, नाहीतर सोलापुरातले रसिक दोन मिनिटांत तुमचा ग्रुप ओळखतील. पण गाणं मी ऐकलं. मास्तर बरोबर आहेत. तो आवाज सुमन कल्याणपूर यांचाच.

तुम्ही चुकलात यात लाज वाटण्यासारखं काही नाही. या दोन आवाजांत चांगले चांगले चुकले आहेत, रेडिओवरसुद्धा नावांची गल्लत झालेली आहे. त्यातून साठच्या दशकात गाण्यांच्या रॉयल्टीवरून लतादीदी आणि रफीसाहेबांचं बिनसलं. गायकालाही वाटा मिळावा, असं दीदींचं म्हणणं. गाण्याचे पैसे मिळाले की गायकाचा हिशेब संपला, असं रफीसाहेबांचं. काही वर्षं दोघं एकत्र गायलेच नाहीत, आणि त्या काळात रफींबरोबरची कितीतरी द्वंद्वगीतं सुमनताईंच्या वाट्याला आली. तुम्ही टाकलेलं गाणं त्याच वर्षांतलं. म्हणजे ज्या काळात 'लता आणि रफी' हा योग जुळतच नव्हता, त्या काळातल्या गाण्याखाली तुम्ही 'असा योग पुन्हा नाही' असं लिहिलंत. आयुष्यभर ही गाणी ऐकलेल्या माणसाला ते का बोचलं असेल, हे लक्षात घ्या. सुमनताईंना पद्मभूषण मिळालं २०२३ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी. त्यांचं गाणं दुसऱ्याच्या नावावर जाताना त्यांच्या चाहत्यांनी जन्मभर पाहिलंय. मास्तरांच्या त्या फटकाऱ्यात ती जुनी ठणक होती, असं मला वाटतं.

तरीही ते वाक्य वाईटच होतं.

चूक दाखवणं वेगळं आणि माणसाचा पाणउतारा करणं वेगळं. 'ही सुमन कल्याणपूर' एवढे तीन शब्द पुरेसे होते. पुढे-मागे जे आलं, ते बोळे, ते ॲडमिनपण, त्याचा गाण्याशी काही संबंध नव्हता. १८० माणसांसमोर तुमची उंची मोजायचा तो प्रकार होता. मास्तर इथं भेटले असते तर त्यांनाही हेच सांगितलं असतं. वर्गात पोराचा कान धरायची सवय निवृत्तीनंतरही हातात राहते, पण ग्रुप म्हणजे वर्ग नव्हे.

याच गाण्यांच्या बाबतीत मीही लहानपणी हीच चूक केली होती. सत्तरच्या दशकात आमच्या वाड्यात रेडिओ एकच चांगला होता आणि बुधवारी रात्री आठला सिलोनवर अमीन सयानींची गीतमाला लागली की निम्मा वाडा त्या खोलीच्या दारात. कुठलं गाणं कितव्या पायदानावर येणार यावरून हमरीतुमरी व्हायची. हरणाऱ्यानं चहा पाजायचा. एकदा दुसऱ्याच कुठल्या कार्यक्रमात एक गाणं लागलं आणि मी सगळ्यांसमोर ठासून सांगितलं, लता! शेजारच्या खोलीत मागावर काम करणारे एक मामा राहायचे. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि गाण्याचा कान असा की गाण्याच्या नुसत्या सुरुवातीवरून संगीतकार सांगायचे. ते हसले नाहीत, 'नाही' सुद्धा म्हणाले नाहीत. म्हणाले, "पुढल्या वेळी लागलं की मला हाक मार. दोघं मिळून ऐकू." पंधरा-वीस दिवसांनी ते गाणं परत लागलं. मी धावत गेले, मामा हातातलं काम टाकून आले आणि गाणं संपेपर्यंत माझ्याशेजारी उभे राहिले. संपल्यावर एवढंच म्हणाले, "आता सांग." मला नाव माहीत नव्हतं, पण लता नाही हे कळलं होतं. नाव त्यांनी सांगितलं. तेव्हापासून सुमनताईंचा आवाज मी कधी चुकले नाही. चूक दाखवण्याची माझी मोजपट्टी आजही तीच आहे. ज्याची चूक दाखवली त्याला ते गाणं पुन्हा ऐकावंसं वाटलं पाहिजे. तुमच्या ग्रुपवर त्या दिवशी ते गाणं पुन्हा किती जणांनी ऐकलं असेल?

आता तुमच्याकडे येते. तुम्ही मास्तरांना पर्सनलवर लिहिलंत, हे चांगलं केलंत. तक्रार असेल तर ती तिथंच करायची. पण लिहिताना 'बे' घातलंत.

आपल्या गावाचा हा शब्द. सोलापुराबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही की 'काय बे' मध्ये किती माया असते. नवी पेठेत दोन मित्र दहा वर्षांनी भेटले तर पहिला शब्द तोच. पण त्यातली माया शब्दात नसते, ती तोंडावर असते, खांद्यावर पडलेल्या हातात असते. पडद्यावर हात जात नाही, नुसता शब्द जातो. आणि ७४ वर्षांच्या मास्तरांना ३१ वर्षांच्या पोरानं लिहिलेलं 'बे' म्हणजे सरळ अरेतुरे. तुम्ही ते रागात लिहिलंत, तेव्हा माया अभिप्रेत नव्हतीच, हेही खरं. तुमचं बाकी वाक्य रास्त होतं. त्या एका अक्षरानं तुम्ही स्वतःच्याच वाक्याचा पाया काढून घेतलात.

जॉन सुलर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं २००४ मध्ये, माणसं पडद्याआड इतकी सैल का सुटतात, याची कारणं मांडली होती. त्यातलं एक मला फार पटतं. समोरच्याचा मजकूर वाचताना त्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून आपणच आपल्या डोक्यात त्याला एक आवाज देतो आणि मग त्या आवाजाशी भांडतो. मास्तरांचं 'ऐकायला शिका' तुम्ही कुठल्या आवाजात वाचलंत? हिणवणाऱ्या? आणि तुमचं 'बे' त्यांनी कुठल्या आवाजात वाचलं असेल? मे महिन्यातली सोलापूरची रात्र, घरात एकटा माणूस, अंगाची काहिली, हातात फोन.

मग तो व्हॉइस मेसेज. पत्रातला हा भाग मला सगळ्यात जास्त लागला.

तुम्ही लिहिलंय, 'तुझ्या बापाला कान होते, तुला नाहीत' इथपर्यंत ते गेले. हे वाक्य एकदा थंड डोक्यानं वाचा. यात तुमच्या वडिलांचा अपमान कुठं आहे? मास्तर तुमच्या वडिलांना ओळखत होते. त्यांच्याबरोबर त्यांनी कधीतरी गाणी ऐकली असणार. त्यांचा कान त्यांना आठवतोय. 'होते' हा शब्द तुम्हीही तसाच उतरवलाय, त्यावरून वडील आता नाहीत असं मी धरते. रागाच्या भरात का होईना, त्या माणसानं तुमच्या वडिलांची आठवण काढली आणि त्यांचा मान ठेवला. तुम्हाला त्यात फक्त टोमणा ऐकू आला. रागात माझंही असंच झालं असतं, म्हणून हे तुम्हाला दोष द्यायला सांगत नाही. वडिलांना ओळखणारी, त्यांच्या कानाची साक्ष देणारी माणसं आता गावात किती उरलीत, ते मोजून बघा.

आणि पुढचं. पावणेतीन मिनिटं बोलता बोलता मास्तर रागातून दुःखात शिरले. पत्नी गेल्याचं, घर मुकं झाल्याचं ते बोलले. हे ते ग्रुपवर कधीच बोलले नसते. पाच वर्षांत बोलले होते का? ते तुमच्याशी बोलले. भांडता भांडता एखादं माणूस दार उघडतं तसं झालं ते. तुम्ही त्या उघड्या दारातून १८० जणांना आत घेतलंत.

मास्तरांनी तुम्हाला चारचौघांत बोललं, ते टोचणारं होतं. तुम्ही त्यांचं खासगीतलं रडू चव्हाट्यावर मांडलंत. ही दोन वजनं सारखी नाहीत. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सुरुवात त्यांची, पण मोठी चूक तुमची.

इंटरनेटवरच्या वागण्याची ही रीत नवी नाही. १९९५ साली १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं आपल्याकडे सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात, तिकडे अमेरिकेत इंटेलमध्ये काम करणाऱ्या सॅली हॅम्ब्रिज यांनी नेटवर वागण्या-बोलण्याचे संकेत लिहून काढले. त्यात एक साधी गोष्ट आहे. कुणी खासगीत तुम्हाला लिहिलेलं गटात टाकायचं असेल, तर आधी त्याची परवानगी घ्या. दुसरी त्याहून साधी. मन पेटलेलं असेल तर उत्तर पाठवण्याआधी रात्र जाऊ द्या. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, स्मार्टफोन नव्हते, पण माणसं हीच होती. तुम्ही रात्र जाऊ दिली असती तर सकाळी उठून तो मेसेज पुन्हा ऐकला असतात, आणि मला वाटतं, फॉरवर्डचं बटण तुमच्याच्यानं दाबवलं नसतं.

'पुढचं मी काही केलं नाही, पोरांनी केलं.' हे वाक्य मला मान्य नाही. २०२२ च्या आशिया चषकात पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंगच्या हातून एक झेल सुटला आणि त्या पोरावर शिव्यांचा पाऊस पडला, नाही नाही ते आरोप झाले. त्यातल्या प्रत्येकानं एकेकच ओळ लिहिली होती. एका ओळीनं काय होतं, असं प्रत्येकाला वाटलं असणार. सोसणाऱ्याला मात्र ओळी सुट्या सुट्या येत नाहीत, सगळ्या एकदम येतात. मास्तरांनी त्या रात्री फोन हातात धरून एकामागून एक स्टिकर पडताना पाहिले असतील. स्वतःचाच फोटो, डोळ्यांतून निळे अश्रू काढलेला. आणि पाठवणारी कोण? दर ३१ जुलैला त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी पोरं.

शिवाय तुम्ही ॲडमिन आहात. सदस्यांचे मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकायची सोय ॲडमिनला २०२२ पासून आहे. 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' हे करायला दोन-चार सेकंद लागतात. पहिला स्टिकर पडला तेव्हा तुम्ही जागे होतात. तुम्ही थांबवलं नाहीत, कारण त्या क्षणी तुम्हाला बरं वाटत होतं. ते बरं वाटणं मला कळतं. सगळा ग्रुप आपल्या बाजूनं आहे, हे बघून माणसाची छाती फुगते. पण ते तुमच्या बाजूनं नव्हते हो. ते करमणुकीच्या बाजूनं होते. पुढच्या महिन्यात तुमचा आवाज फुटला, तर तुमचाही स्टिकर होईल.

मुलीच्या फोनविषयी. तिनं पोलिसांचं नाव काढलं म्हणून तुम्ही धास्तावलात, ते ओळींमधून दिसतंय. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की आधीचं संगनमत नसेल, तर सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. हा निकाल कुणीतरी तुम्हाला पाठवेलच, म्हणून आधीच सांगते, त्याच्या आड लपू नका. तो मेसेज सदस्यानं टाकला नव्हता. तुम्ही टाकला होता. आणि त्या मुलीला तुम्हाला कोर्टात खेचायचं नाहीये. तिचा बाप इथं एकटा आहे, ती पुण्यात आहे, आणि त्याच्या रडण्याचे स्टिकर फिरतायत हे तिला फोनवर कळलं. तिला झापू द्या. तिला उलट उत्तर दिलं नसेल तर बरं, दिलं असेल तर तिचीही माफी मागा.

आता काय करायचं ते सांगते. 'मी का वाकू' हा प्रश्न तुम्ही त्यांच्या चुकीला बांधून ठेवलाय. तो सोडा. त्यांच्या वाक्याचा हिशेब त्यांच्याकडे. तुम्ही तुमच्या कृत्याची माफी मागायला जाताय, त्यांच्याकडून काही वसूल करायला नाही.

मेसेज करू नका. फोनही करू नका. हे भांडण फोननं वाढवलंय, फोननं मिटणार नाही. घरी जा. रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, एकटेच. मित्राला बरोबर नेऊ नका, दोन माणसं दारात दिसली की शिष्टमंडळ वाटतं. फोन गाडीच्या डिकीत ठेवून जा. खरंच ठेवा. हातात फोन दिसला तर आपलं बोलणं पुन्हा कुठं जाईल, ही धास्ती त्यांना राहील, आणि ती धास्ती तुम्हीच लावलीय. हार-नारळ, शाल, असलं काही नेऊ नका. तो सत्काराचा प्रसंग नाही.

दारात उभं राहून पहिलं वाक्य बोला, बसायच्या आधी. "मास्तर, तुम्ही मला एकट्याला बोललेलं मी सगळ्यांना ऐकवलं. ते चुकलं माझं." बस. 'पण तुम्हीही' हा शब्दच त्या घरात काढू नका. 'मला वाटलं', 'माझा उद्देश तसा नव्हता' हेही नको. 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर' ही माफी तर बिलकूल नको. वाईट वाटलंय. 'तर' कसला?

ते बोलतील. कदाचित पुन्हा चिडतील, कदाचित दार अर्धंच उघडतील. ऐकून घ्या. मध्ये गाण्याची गोष्ट निघाली तर सांगा की तुम्ही बरोबर होतात, ती सुमन कल्याणपूरच. आणि मनात असेल तर विचारा, माझ्या वडिलांबरोबर तुम्ही काय काय ऐकायचात? हे खुश करायला विचारू नका. खरंच जाणून घ्यायचं असेल तरच विचारा. मला वाटतं, तुम्हाला जाणून घ्यायचंय.

दार उघडलंच नाही, तर हातानं लिहिलेली चिठ्ठी सरकवा आणि परत या. आठवड्यानं परत जायची गरज नाही. पाठीस लागलेली माफीही जाचच असते.

हे झाल्यावर ग्रुपवर लिहायचं. आधी नाही. आधी लिहिलंत तर ते ग्रुपला दाखवण्यासाठी होईल. चार ओळी पुरेत. एका सदस्यांनी मला खासगीत पाठवलेला मेसेज मी त्यांना न विचारता इथं टाकला, ही माझी चूक. सगळ्यांसाठी डिलीट करण्याची मुदत साधारण दोन दिवसांची असते, ती उलटून गेलीय, म्हणून ज्यांच्या फोनमध्ये तो आणि ते स्टिकर आहेत त्यांनी काढून टाकावेत ही हात जोडून विनंती. मूळ गाणं सुमन कल्याणपूर आणि मोहम्मद रफी यांचं आहे, माझी माहिती चुकली होती. मास्तर रडले, एकटे आहेत, यातलं काही लिहायचं नाही. खाली अंगठे आणि हात जोडलेले येतील, त्यांना उत्तरं देत बसू नका. ज्या तीन-चार पोरांनी स्टिकर केले, त्यांना मात्र एकेकट्याला गाठून बोला. सगळ्यांसमोर त्यांची नावं घेतलीत तर जे मास्तरांबरोबर केलंत तेच त्यांच्याबरोबर कराल.

मास्तरांना ग्रुपमध्ये परत घालू नका. म्हणजे न विचारता घालू नका. ते म्हणाले तर लिंक द्या. 'परत आणा' म्हणणाऱ्यांचं मन चांगलं आहे, पण ज्या जागी आपलं हसं झालं तिथं दुसऱ्या दिवशी जाऊन बसणं सोपं नसतं. त्यांना वेळ हवा असेल. 'ब्याद गेली' म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा की पुढच्या वेळी चुकीचं नाव पडलं तर कोण सांगणार आहे?

नियमांचं म्हणाल तर, वीस कलमी पत्रक लावणाऱ्या ग्रुपांचं काय होतं ते मी पाहिलंय. पहिल्या दिवशी सगळे अंगठा दाखवतात, दुसऱ्या दिवशी पत्रक वर सरकून जातं. तुम्हाला खरं तर एकच पक्का नियम हवाय. पर्सनलवरचं पर्सनलवर राहील, लिहिलेलं, बोललेलं, फोटो, काहीही. आणि हा मोडणारा ॲडमिन असला तर ॲडमिनपद सोडेल. हो, हे तुम्हालाही लागू. काही महिने एकट्या मित्राकडे ग्रुप देऊन बघा. तुमच्या शब्दाला वजन परत येईल ते त्यातून.

बाकी सवयी घडवायच्या. गाणं टाकताना गायक, संगीतकार, गीतकार आणि साल लिहायचं, खात्री नसेल तर 'बहुधा' लिहायचं. या एका 'बहुधा'नं किती भांडणं वाचतात बघा. दुरुस्ती करणाऱ्यानं जमलं तर आधार जोडायचा, तबकडीच्या लेबलचा फोटो, कॅसेटचं कव्हर, काहीही. मग वाद माणसांत न राहता कागदावर येतो. आणि ज्याची चूक निघाली त्यानं 'धन्यवाद, दुरुस्त करतो' एवढं म्हणून मोकळं व्हायचं. तुम्ही त्या दिवशी एवढंच लिहिलं असतंत, तर मास्तरांचं वाक्य १८० जणांना उघडं-नागडं दिसलं असतं आणि लाज त्यांना वाटली असती.

तुमच्या पत्राच्या काढून टाकलेल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. या भांडणाच्या निमित्तानं रफीवाले आणि किशोरवाले अशी फूट पडतेय आणि काही जण वेगळा ग्रुप काढायचं म्हणतायत. काढू द्या, कुणाला धरून ठेवता येत नाही. फक्त जाण्याआधी त्यांना एक सांगा. १९५८ साली ओ. पी. नय्यर यांनी एका चित्रपटात पडद्यावर गाणाऱ्या किशोरकुमारला आवाज दिला तो मोहम्मद रफींचा. किशोरकुमार ओठ हलवतायत आणि रफी गातायत. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संगीतकारांकडेही तसंच झालं. ज्या दोघांच्या नावानं तुम्ही ग्रुप फोडताय, त्यातला एक दुसऱ्याच्या गळ्यानं गायला होता. चाहत्यानं आपल्या माणसावर जीव टाकावा, त्यासाठी दुसऱ्याला खाली ओढावं लागत नाही. रफींचं मोठेपण सांगायला किशोरकुमारला नावं ठेवावी लागत असतील, तर तेवढ्यापुरतं रफी ऐकायचं राहून गेलंय असं मला वाटतं.

३१ जुलैला आता थोडेच दिवस आहेत. मास्तर आले तर त्यांना मंचावर बोलावून, माइक देऊन, सगळ्यांसमोर समेट घडवायचा मोह होईल. करू नका. ते नेहमी जिथं बसतात तिथं बसू द्या, चहा नेऊन द्या. आले नाहीत तर का आले नाहीत याची चर्चा होऊ देऊ नका. आणि ते द्वंद्वगीत यंदा कार्यक्रमात ठेवा. लावायच्या आधी माइकवर तुम्ही स्वतः उभे राहून नावं सांगा. आधी सुमन कल्याणपूर, मग मोहम्मद रफी.